सगुणाबाईची पोथी

हैदराबाद,
आषाढ वद्य ५, शके १८४४

मंजुळा,

परळीचे राधाकिशन शेठ कापडाच्या खरेदीला इथे आले होते. परतताना ते घाटनांदूरला थांबणार आहेत. त्यांच्याजवळ एक पुडकं दिलं आहे. वर लुगडं आहे, ते घरच्यांना दिसण्यापुरतं. घडीच्या आत पुस्तक आहे, ते तुझं.

कादंबरी आहे. जुन्या काळातली. गोदेच्या काठी एक गढी, तिला बादशाही फौजेचा वेढा, आणि गढीचा धनी पहिल्याच लढाईत पडलेला. त्याची बायको सगुणाबाई. ती त्याचं मरण कोणाला कळू देत नाही. त्याचं पागोटं बांधते आणि बुरुजावर जाऊन उभी राहते. मी सुरुवातीची पानं चुलीपाशी उभ्यानंच वाचली. दूध उतू गेलं. सगळं घर करपट वासानं भरलं, तेव्हा मला कळलं.

अशा बायका खरंच होत्या का, असं तू विचारशील. मला ठाऊक नाही. पण वाचताना पाठ सरळ होते. आजोळी, युसूफ वडगावला, आजोबांनी आपल्याला, दोघी मावसबहिणींना, धुळाक्षरं शिकवली, तेव्हा सगळा गाव हसला होता. या पोरी काय तहसीलदार होणार का म्हणून. तहसीलदार कोणी झालं नाही. पण दुपारी दार लावून बसायला एक गढी मिळाली, हेही काही कमी नाही.

हा पहिला भाग आहे. दुसरा माझ्याकडे आहे. आधी हा संपव.

तुझ्या धाकट्या जावेचं कसं आहे? चंद्रभागेचा नवरा जाऊन वर्ष होत आलं. ती घराबाहेर पडते का? तिची छबू, तुझा धाकटा उत्तरेश्वर, सगळ्यांचं लिही.

वत्सला


घाटनांदूर,
श्रावण शुद्ध ११

ताई,

लुगडं सासूबाईंनी ठेवून घेतलं. पुस्तक मात्र त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. काय आहे म्हणून विचारलं. श्रावण लागलेला होता, मी म्हटलं, पोथी आहे. त्यांना अक्षर येत नाही.

मला वाटलं, एवढ्यावर भागेल. त्या म्हणाल्या, "मग येकटीच कावून वाचतीस? पोथी काय येकटीनं खायची चीज हाय?" आणि त्यांनी ओट्यावरून शेजारच्या दगडाबाईला हाक मारली.

दगडाबाई म्हातारी आहे, तोंडाची तिखट आहे आणि अशा कामात तिचा हात धरणारं गावात कोणी नाही. तिनं पाट मांडला. पाटावर तांदूळ पसरले, त्यावर पुस्तक ठेवलं, पुढे सुपारी आणि नारळ. सासूबाई विधवा, म्हणून हळदकुंकूही तिनंच वाहिलं. कादंबरीच्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं मी बघत राहिले. खरं बोलायची वेळ तेव्हाच होती. ती गेली.

आता रोज दुपारी आमच्या अंगणात बायका जमतात. आमचं आणि धाकट्या घराचं अंगण एकच असल्यामुळे जागा भरपूर आहे. पहिल्या दिवशी दगडाबाईनं अडवलं. "गणपती कुठंय? आदी गणपती, मग सरस्वती, मग पोथी." कादंबरीत गणपती नव्हता. मी आजोबांचा एक श्लोक म्हटला आणि थेट वेढ्यावर आले.

ताई, त्या ज्या ओढीनं ऐकतात, त्या ओढीनं मी कधी वाचलेलं नाही. त्या सगुणाबाईशी भांडतात. काल दगडाबाई म्हणाली, "थांब जरा. बाई बुरजावर हाय, घोड्याला वैरण हाय, तोफंला दारू हाय. पर ही जेवली कवा? चार दिस झाले, लिहिणाऱ्यानं तिला भाकर न्हाई दिली."

"मग तू जा घेऊन," सासूबाई म्हणाल्या.

"जाते की. दार कोण उघडतंय?"

बायका हसल्या. चंद्रभागाही हसली. तिसऱ्या दिवसापासून ती येते, खांबाला टेकून बसते, छबूला मांडीवर घेते. नवरा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पदर तोंडावर घेऊन ती हसली, आणि कोणीही तिच्याकडे वळून बघितलं नाही. गावातल्या बायका वाईट नसतात.

जरा वेळानं तिनं विचारलं, "बाई, मालक मेल्याचं तिनं कोनाला कळू दिलं न्हाई. मग ती रडली कवा?"

मी दोन पानं मागे जाऊन शोधलं. ते लिहिलेलं नाही.

मंजुळा


हैदराबाद,
श्रावण वद्य ६

मंजुळा,

कादंबरीला कुंकू! मी एकटीच हसले. इथे हसायला सोबत कोणी नाही. हे हल्ली उशिरा घरी येतात. औरंगाबादेकडचे कोणी पाहुणे आलेले आहेत, त्यांच्यात असतात.

दगडाबाईला सांग, मलाही तो प्रश्न पडला होता. मी मनातल्या मनात सगुणाबाईला एकदा जेवू घातलं आहे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. त्या काळात अंबाडी असेलच.

पण जपून. पोथी एकदा पाटावर ठेवली की मधे उठता येत नाही. घरात सुतक आलं तर गोष्ट वेगळी. नाहीतर शेवटपर्यंत वाचावी लागते, समाप्ती करावी लागते, गावाला प्रसाद द्यावा लागतो. तुला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी लिहिलं.

वत्सला


घाटनांदूर,
भाद्रपद शुद्ध ८

ताई,

आधी तुला लिहिलं नाही ते आता लिहिते.

आमच्याकडे वाटण्या कधीच झालेल्या आहेत. धाकट्याची जमीन आणि विहीर त्याच्या माघारी चंद्रभागेकडे आहे. यांचं म्हणणं असं की ती जमीन घराण्यात राहायला हवी, म्हणून तिनं आमच्या उत्तरेश्वरला दत्तक घ्यावं. मग जमीन त्याच्या नावावर होईल, तो मोठा होईपर्यंत हे कारभार बघतील. चंद्रभागेला दोन वेळचं जेवण आणि राहती खोली. छबूला केजकडचं एक स्थळ यांनी आत्ताच बघून ठेवलं आहे. छबूचे दुधाचे दात पडताहेत अजून.

पण मूल मांडीवर घ्यावं लागतं ते चंद्रभागेनं. तिनं घेतलं नाही तर काही होत नाही. म्हणून यांनी उन्हाळ्यापासून तिच्यामागे टुमणं लावलं आहे. सासूबाईंकडून सांगवलं, तिच्या माहेरच्यांकडून सांगवलं. तिचा गडी कामावर यायचा थांबला. का थांबला, ते तिला कळलं, मलाही कळलं.

परवा तिनं उत्तर दिलं. हे तिचे भाया, म्हणजे थोरले दीर, त्यांच्याशी ती समोरासमोर बोलत नाही. हे दारात उभे असले तरी जे सांगायचं ते ती मला सांगते आणि मी यांना सांगते. ती म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, पोथी लागलीया. समाप्ती होईस्तोवर मी कशाला हो म्हणनार न्हाई आन् न्हाई म्हणनार न्हाई."

मी सांगितलं. पोथीला बसलेल्या बाईला कोणी घाई करत नाही. केली तर गाव नाव ठेवील. शेवटी हे म्हणाले, "नवरात्रातल्या नवमीला समाप्ती करा. दसऱ्याचा मुहूर्त धरून दत्तक."

मला वाटलं, तिला थोडी सवड हवी आहे. पण काल विहिरीवर दगडाबाई तिला विचारत होती, मी माझ्या कानांनी ऐकलं.

"आन् नवमीला काय सांगशील?"

"बगू. सगुणाबाई काय करती ते बगू."

ताई, ती कादंबरीला पोथी समजून बसली आहे, आणि पोथीत लिहिलेलं आपल्याला लागू होतं असं समजून बसली आहे. हे मी केलं.

उत्तरेश्वर हाकेच्या अंतरावरच राहील, असं हे म्हणतात. मला काय वाटतं ते कोणी विचारलेलं नाही.

पहिला भाग संपत आला. दुसरा पाठव.

मंजुळा


हैदराबाद,
भाद्रपद पौर्णिमा

मंजुळा,

दुसरा भाग शेजारच्या बाईंनी वाचायला नेला होता. त्या पुस्तक घेऊन गुलबर्ग्याला गेल्या. कधी येतील, सांगता येत नाही.

तू पहिल्या भागावरच समाप्ती कर. त्याच्या शेवटी सगुणाबाई जिवंत आहे आणि गढी तिच्या ताब्यात आहे. तिथे नारळ फोड.

वत्सला


घाटनांदूर,
भाद्रपद वद्य ५

ताई,

तिथे नारळ फुटत नाही. शेवटच्या ओळीत गढीच्या दारावर ओंडक्याचे घाव पडताहेत. मी पुस्तक मिटलं तर कोणी जागचं हललं नाही.

"पुडं?" दगडाबाई म्हणाली.

"पुढचं हैदराबादेहून येणार आहे."

"दार मोडलं का न्हाई एवडं तरी सांग."

"मला माहीत नाही."

"अगं, मग हितं बसून आमी काय करायचं? दार धरून बसायचं का?"

तेव्हापासून दुपारी बायका येतात, पुस्तकाला नमस्कार करतात आणि आपापसात लढाई पुढे नेतात. गिरणीवाल्याची बायको म्हणते, उकळतं तेल ओता. सासूबाई म्हणतात, तेल महाग आहे, राख उडवा डोळ्यांत. चंद्रभागा वाट बघते.

शेजारणीनं पुस्तक नेलं, हे खोटं आहे. तुला लहानपणीही खोटं बोलता येत नव्हतं, मार मी खायचे. राधाकिशन शेठ महिनाअखेर तिकडे आहेत. त्यांच्याजवळ दे.

मंजुळा


हैदराबाद,
भाद्रपद वद्य १२

मंजुळा,

पुस्तक दिलं आहे.

शेवट आधीच सांगते, म्हणजे तू सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाचणार नाहीस. दार मोडत नाही. सगुणाबाई पावसाळाभर गढी राखते. तिचा दीर दक्षिणेत असतो, तो दसऱ्याला फौज घेऊन येतो, वेढा उठतो. मग ती बुरुजावरून खाली उतरते, गढीच्या किल्ल्या दिराच्या हातात देते, नवऱ्याचं पागोटं उराशी धरते आणि चितेवर चढते. लेखकानं त्यावर सात पानं लिहिली आहेत. फार सुंदर लिहिली आहेत.

आता तू काय वाचणार? चंद्रभागेनं हे ऐकलं तर ती मान खाली घालील आणि किल्ल्या देईल. तुला हवा तेवढा वेळ आहे, अक्षर फक्त तुला येतं. सगुणाबाईला जिवंत ठेव. ती गढी सांभाळत म्हातारी झाली असं वाच. कोण पडताळून बघणार आहे?

आणि एक लिहायचं टाळत होते. तू छापलेला शेवट वाचलास तर जमीन तुझ्या मुलाची होते. मग मला कळत नाही, हा भाग तुला एवढ्या तातडीनं का हवा होता. मी तुला ओळखते, तरी विचारते.

मी तुझ्यापासून तो का लपवला तेही सांगते. मार्गशीर्षात हे दुसरं लग्न करणार आहेत. मुलगी औरंगाबादेची आहे. मला मूल झालं नाही, हे कारण सगळ्यांना पुरेसं वाटतं, माझ्या माहेरालासुद्धा. मला विचारलं नाही, सांगितलं. लग्नाच्या दिवशी मी पुढे होऊन मुलीला हळद लावावी, म्हणजे लोकांत बरं दिसेल, असं यांचं म्हणणं आहे.

सगुणाबाईचा शेवट मी एकदाच वाचला. मग दुसरा भाग पेटीच्या तळाशी घातला आणि पहिला पुन्हा सुरुवातीपासून काढला. तो मी किती वेळा वाचला, आठवत नाही. त्यात ती अजून बुरुजावर आहे.

वत्सला


घाटनांदूर,
आश्विन शुद्ध ११

ताई,

समाप्ती परवा झाली. जसं झालं तसं लिहिते.

तुझ्या पत्राचा राग आला. मग तो गेला, कारण तुझा प्रश्न मीही स्वतःला विचारला होता. त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही.

तुझा सल्ला मी घेतला होता. दुसरा शेवट मी मनात जुळवला. दीर येतो, सगुणाबाई त्याला ओवाळते, पाटावर बसवते, वाढते, पण किल्ल्या कमरेलाच ठेवते. उत्तरेश्वरला भरवताना मी तो दोनतीनदा म्हणून बघितला. वाईट नव्हता. लेखकाची भाषा मला आता येते.

नवमीला दुपारी अंगण भरलं. समाप्तीला पुरुषही येतात. ते मागे, भिंतीकडेला बसले. हे ओसरीच्या पायरीवर बसले, माझ्यापासून हातभर अंतरावर. नारळांची रास होती. चंद्रभागा खांबापाशी होती. छबू तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती.

मी वेढा उठेपर्यंत वाचलं. दीर गढीत आला. पान उलटलं आणि मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुस्तकाकडे बघत होती. अक्षर येत नाही तरी बघत होती. माझ्या मनात आलं, आता मी जे वाचीन ते हिचं उत्तर होईल. हे तिच्या तोंडात एक उत्तर घालताहेत, मी दुसरं घालीन. माझं चांगलं आहे, असं मला वाटतं. यांनाही यांचं चांगलंच वाटतं.

मी छापलेलं वाचलं. सातही पानं.

सासूबाईंनी हात जोडले. मागून कोणी तरी धन्य धन्य म्हणालं. दगडाबाईनं डोळे पुसले आणि पुटपुटली, "मेली बिचारी. लिहिणाऱ्यानं शेवटपत्तुर जेवू न्हाई घातलं."

यांनी घसा साफ केला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घराण्याची बाई ही अशी असती. गढी राखली, आन् येळ आली तवा ज्याची त्याच्या हवाली केली." मग मला म्हणाले, "इचार तिला. पोथी झाली."

विचारायची गरज नव्हती, तिनं ऐकलं होतं. तरी मी विचारलं. तशी रीत आहे.

चंद्रभागेनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. ती म्हणाली, "बाई, त्यांना सांगा, पोथी मन लावून ऐकली. लई मोटी बाई होती."

मी सांगितलं.

"तिच्यावानी दुसरी हुयाची न्हाई."

तेही सांगितलं. हे मान हलवत होते.

छबू झोपेत वळली, तिचा हात चंद्रभागेनं परत आपल्या मांडीवर घेतला. म्हणाली, "पर तिला पोरगी नव्हती."

अंगणात सगळ्यांनी ऐकलं. यांनीही ऐकलं. पण मी सांगेपर्यंत ते ऐकलेलं होत नाही. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ती म्हणते, सगुणाबाईला मुलगी नव्हती."

"म्हंजे काय? तिला म्हणावं सरळ बोल. उद्या दसरा हाय, लेकरू मांडीवर घ्यायचं का न्हाई?"

"त्यांना सांगा," चंद्रभागा म्हणाली, "मांडी रिकामी न्हाई."

मी यांच्याकडे वळले. 'ती म्हणते' हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते, ते मी उच्चारले नाहीत. म्हटलं, "मांडी रिकामी नाही. आणि मी माझा मुलगा देत नाही."

"तुला कोन इचारलंय?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "म्हणून सांगितलं."

पुरुष उठू लागले. यांचा हात पायरीवर होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, आता काही तरी होईल. दगडाबाई तेवढ्यात ओरडली, "अरे, नारळ कोन फोडनार? पोथी तशीच अडकून पडलीया! परसाद न घेता उटू नगा, देवाला काय तोंड दावताल?" मग सगळे पुन्हा बसले. नारळ यांनीच फोडला. कर्ता पुरुष फोडतो.

ताई, आपण दोघींनी तिला समजण्यात चूक केली. तिला पोथीतलं ऐकून तसं वागायचं नव्हतं. तिला ती बाई बघायची होती. शेवटपर्यंत बघितली, आणि मग आपल्या घरी गेली.

तुझ्या हळदीचं तू ठरव. मी काही सुचवणार नाही. इथे ये असं लिहिण्याइतकं हे घर माझं नाही, आणि परवापासून तर मुळीच नाही.

मंजुळा


घाटनांदूर,
मार्गशीर्ष वद्य २

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. राधाकिशन शेठ हैदराबादेहून परतले. तुमच्या दारात मांडव दिसला म्हणाले, वाजंत्री दिसली, मुलीला हळद लागताना दिसली. लावणारी कोणी दुसरीच होती. तू कुठे दिसली नाहीस. चौकशी केली तर घरातलं कोणी धड बोललं नाही. म्हणून हे पत्र युसूफ वडगावला टाकते आहे. तू आजोळी गेली असशील तर मिळेल. नाहीतर मामा परत पाठवतील, मग मी दुसरीकडे शोधीन.

इथलं सांगते. दिवाळी झाल्यावर यांनी अंगणाच्या मधोमध मातीची भिंत घातली. पुरुषभर उंच आहे. पलीकडे चंद्रभागेचं घर आहे. तिकडे कोणी जायचं नाही, तिकडचं कोणी इकडे यायचं नाही. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला मारलं नाही. मी लिहिलं नाही तर तू तसं समजशील, म्हणून लिहिते.

पुस्तकाचे दोन्ही भाग यांनी नेले. मला वाटलं, चुलीत जातील. पण त्याच्यावर कुंकू आहे, समोर नारळ फुटलेला आहे, ते जाळायची यांची छाती झाली नाही. महादेवाच्या देवळात कोनाड्यात नेऊन ठेवले. पुजारी रोज त्यावर फूल वाहतो, असं ऐकते.

दगडाबाईच्या जावयानं चंद्रभागेची ज्वारी पेरून दिली. पीक गुडघ्याला आलं आहे. छबू घरीच आहे. केजच्या लोकांनी दुसरीकडे बघितलं. एवढं मला पाणवठ्यावरच्या बायकांकडून कळतं. चंद्रभागेचा आवाज मी नवमीनंतर ऐकला नव्हता.

काल दुपारी मी भिंतीच्या सावलीत तूर निवडत होते. पलीकडून दगडाबाईनं हाक मारली.

"मंजुळे, नवी पोथी कवा लावायची?"

"पुस्तक नाही."

"त्वांड हाय न्हवं? तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"ते तुला म्हाईत. आमी बसलोत हितं."

पलीकडे बांगड्यांचा आवाज झाला. एकटी नव्हती ती. आमच्या ओसरीवर सासूबाई होत्या. मला वाटलं, त्या मला आत बोलावतील. त्यांनी आपली वाकळ उचलली आणि भिंतीपासून चार हातांवर आणून अंथरली.

मी सुरुवात केली. "एक गढी होती."

"परत गढी?" दगडाबाई म्हणाली. "त्या गढीत लई हाल झाले बाई. साधं घर घे."

"बरं. एक घर होतं. त्यात एक बाई राहत होती. सकाळी उठून तिनं भाकरी केली आणि आधी स्वतः खाल्ली."

"हां," दगडाबाई म्हणाली. "आता लागली लायनीला."

हे शेतावरून पाण्यासाठी आले. दारात उभे राहिले. मी पाहिलं, आणि बोलत राहिले. घागरीतलं पाणी घेऊन ते प्याले, आणि मग लगेच गेले नाहीत. मला वाचायची सवय आहे, सांगायची नाही. पुढे छापलेलं पान नसलं म्हणजे जीभ जड होते. ही बाई कोण, तिच्यावर काय येणार आहे, ती त्यातून कशी निघेल, मला काहीच ठाऊक नव्हतं. शेवट मी अजून ठरवलेला नाही.

भिंतीपलीकडून चंद्रभागेनं विचारलं, "बाई, हिला लेकरू हाय का?"

मी यांच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, "आहे. मुलगी."

मग ती म्हणाली, "मग दमानं सांगा."

मंजुळा